चॅटमध्ये सगळं कळतं, पेपरात शब्द आठवत नाही

प्रश्न : मी सांगलीतल्या एका रुग्णालयात परिचारिका आहे. जर्मनची बी-वन पातळीची परीक्षा पास झाले, आता पुढच्या बी-टू पातळीची तयारी चालू आहे, पुढे जर्मनीत नोकरीसाठी जायचं आहे. भाषा अदलाबदलीच्या एका अॅपवर तिकडच्या एका निवृत्त शिक्षिकेशी ओळख झाली. जवळजवळ रोज रात्री तासभर आमचं चॅट चालतं. त्यांना इंग्रजी सुधारायचं आहे, मला जर्मन. त्या लिहितात ते मला बहुतेक सगळं समजतं. नवा शब्द आला की मी वहीत टिपते, वही भरत आली आहे. पण फोन बाजूला ठेवून निबंध लिहायला बसले की त्यातला एकही शब्द वेळेवर सुचत नाही. क्लासच्या मॅडम म्हणतात, चॅट बंद कर आणि शब्दांच्या याद्या पाठ कर. काय करू?

उत्तर : ताई, चॅट बंद करू नका. ते करण्याची पद्धत मात्र बदला, आणि रोजचा तास आठवड्यातून तीन दिवसांवर आणा. उरलेला वेळ कुठे घालायचा ते पुढे सांगतो.

आधी दुखणं कुठे आहे ते पाहू. समोर आलेला शब्द ओळखणं आणि गरजेच्या क्षणी तो आपणहून आठवणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि एकाचा सराव केल्याने दुसरं आपोआप येत नाही. चॅटमध्ये ओळखणं फार सोपं होतं, कारण वाक्य पडद्यावरून हलत नाही, वरच्या पाच ओळींत संदर्भ असतो आणि भाषांतराचं बटण बोटाखाली असतं. पेपरात यातलं काहीच नसतं. कॅनडात फ्रेंच माध्यमात शिकणाऱ्या इंग्रजीभाषक मुलांच्या बाबतीत हेच दिसलं होतं. वर्षानुवर्षं फ्रेंच कानावर पडून त्यांना समजायचं उत्तम, बोलण्या-लिहिण्यात मात्र ती मागे राहायची. त्यावरूनच भाषाशिक्षणाच्या अभ्यासक मेरिल स्वेन यांनी १९८५मध्ये मांडलं की नुसतं समजण्याजोगं ऐकणं-वाचणं पुरत नाही, शिकणाऱ्याला स्वतः भाषा घडवायला लागली पाहिजे. तुमचं नेमकं तेच अडलं आहे.

खात्री करायची असेल तर कालचं चॅट उघडा आणि फक्त स्वतःचे मेसेज वाचा. क्रियापदं मोजा. बहुधा हाबन (जवळ असणं), झाइन (असणं), माखन (करणं), गेएन (जाणं), फिंडन (सापडणं) एवढ्यांवरच सगळा कारभार चाललेला दिसेल, आणि विशेषणांत गूट (चांगलं), श्योन (छान), इंटेरेसांट (रंजक). नवे शब्द सगळे समोरच्या बाजूला असतील. म्हणजे त्या बाईंचा जर्मनचा सराव चालू आहे, तुमचा वाचनाचा.

आता फोनपासून सुरुवात करा. की-बोर्डमध्ये जर्मन भाषा घातली नसेल तर घाला, म्हणजे ए, ओ, यू ही अक्षरं दाबून धरायला न लागता उमलाउटची, म्हणजे वर दोन टिंबं असलेल्या अक्षरांची, बहुधा वेगळी बटणं मिळतील. मग की-बोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन शब्द सुचवणारी पट्टी आणि आपोआप दुरुस्ती दोन्ही बंद करा. ही पट्टी फार नुकसान करते. तुम्ही पहिली तीन अक्षरं टाइप करता, ती पूर्ण शब्द उमलाउटसकट पुढे करते, तुम्ही बोट लावता. शब्द गेला, पण तुमच्या डोक्यातून नाही गेला. बंद केल्यावर पहिले आठ-दहा दिवस चुका वाढतील आणि वेग निम्म्यावर येईल. ते होऊ द्या. अॅपमधलं भाषांतराचं बटण चालू चॅटमध्ये वापरायचं नाही, चॅट संपल्यावर खुशाल वापरा.

दुसरी गोष्ट विषयाची. ‘आज काय केलंस, जेवलीस का, हवा कशी आहे’ या चक्रात महिनोन्महिने तेच शब्द फिरतात. दर वेळी एक अरुंद विषय ठरवा आणि तो आदल्या दिवशी त्यांना कळवा. ‘रुग्णालय’ हा विषय फार मोठा झाला. ‘ड्युटीचं वेळापत्रक कोण लावतं आणि ऐनवेळी कुणी आलं नाही तर काय होतं’ हा चांगला. त्यासाठी पाच-सहा शब्द आधी काढून ठेवा : देर दीन्स्टप्लान म्हणजे ड्युटी चार्ट, दी फ्र्यूशिष्ट, दी श्पेटशिष्ट आणि दी नाख्टशिष्ट या सकाळच्या, दुपारच्या आणि रात्रीच्या पाळ्या, दी युबरगाबे म्हणजे पाळी बदलताना द्यायचा चार्ज, आणि आइनश्प्रिंगन म्हणजे दुसऱ्याच्या जागी ऐनवेळी ड्युटी करणं. हे शब्द कागदावर लिहून समोर ठेवायचे नाहीत. एकदा वाचायचे, कागद उलटा करायचा आणि चॅटमध्ये प्रत्येक शब्द एकदा तरी आपल्या मेसेजमध्ये आणायचा. आठवला नाही तर कागद उलटण्याआधी निदान दहा सेकंद थांबायचं. त्या दहा सेकंदांच्या ओढाताणीत खरं शिकणं होतं, म्हणून ती टाळू नका.

मुळात शब्द माहीतच नसेल तर? इथे बहुतेक जण इंग्रजी शब्द टाकून मोकळे होतात किंवा शब्दकोश उघडतात. त्याऐवजी वर्णन करून विचारा. समजा, म्हातारी माणसं चालताना धरतात त्या चाकांच्या वॉकरला काय म्हणतात ते हवं आहे. तर लिहा : ‘वी हाइस्ट दास डिंग मिट फीर रेडर्न, वोमिट आल्टे लॉइटे गेएन?’ चार चाकांची ती वस्तू, जिच्या आधाराने वयस्कर माणसं चालतात, तिला काय म्हणतात? उत्तर येईल, ‘आइन रोलाटोर.’ लगेच पुढच्या मेसेजमध्ये तो शब्द वापरा, तोही स्वतःच्या वॉर्डबद्दलच्या खऱ्या वाक्यात. नुसता अंगठा किंवा ‘दांके’ (धन्यवाद) पाठवून पुढे गेलात तर शब्द त्यांच्याच मेसेजमध्ये राहिला. आणि त्यांचं वाक्य कळलं नाही तर तो मेसेज सरकवून त्यालाच उत्तर द्या : ‘वास माइन्स्ट डू मिट...?’ (अमुक म्हणजे तुला काय म्हणायचं आहे?) आणि पुढे अडलेला शब्द. अंदाजाने ‘या, या’ (हो, हो) करून वेळ मारून नेऊ नका. अर्थ विचारण्यात आणि समजावण्यात जे दोन-चार मेसेज जातात, तेच शब्द रुजण्याचे मेसेज असतात. रोलाटोर हा शब्द तर तुम्हाला तिकडे वॉर्डात रोज लागणार आहे.

आता जर्मन चॅटमधला मोठा खड्डा. तो नीट समजून घ्या, कारण बी-टूला बरेच घोटाळे इथेच होतात. जर्मनमध्ये बऱ्याच क्रियापदांचा पुढचा तुकडा सुटून वाक्याच्या शेवटी जातो. बाई लिहितात, ‘इश श्प्रिंगे मोर्गन फ्यूर माइने कोलेगिन आइन.’ तुम्ही ‘श्प्रिंगे’वर बोट ठेवून अर्थ पाहता, तर ‘उडी मारणे’ मिळतं. शेवटचा ‘आइन’ हा ‘एक’ आहे असं समजून तुम्ही पुढे जाता. वाक्याचा अर्थ आहे ‘उद्या मी सहकारिणीच्या जागी ड्युटी करणार आहे’, आणि शब्द आहे आइनश्प्रिंगन. तसंच ‘इश झागे देन टेर्मीन आप’ यात ‘सांगणे’ कुठेच नाही. आपझागन म्हणजे ठरलेली वेळ रद्द करणं, त्झूझागन म्हणजे होकार कळवणं. तुमच्या कामातलं सगळ्यात महत्त्वाचं उदाहरण आपनेमन. ‘इश नेमे ईनेन येत्स्ट ब्लूट आप’ म्हणजे मी आता तुमचं रक्त घेते. ‘एर हाट फ्युन्फ किलो आपगेनोमन’ म्हणजे त्याचं वजन पाच किलो घटलं. क्रियापद एकच, अर्थ दोन, आणि वॉर्डात दोन्ही अर्थ दिवसातून चार वेळा येणार. म्हणून जर्मन मेसेज आला की अर्थ पाहण्याआधी नजर वाक्याच्या शेवटी न्या. तिथे आप, आन, आउफ, आउस, आइन, मिट, त्झू, फोर असा सुटा तुकडा असेल तर तो क्रियापदाला जोडा आणि मगच शब्दकोश उघडा. वहीतही जोडलेलं रूप आणि सुटलेलं वाक्य अशी दोन्ही लिहा.

चुकांचं म्हणाल, तर बाई भल्या आहेत म्हणून तुम्हाला अडवत नसणार. अर्थ कळला की मूळ भाषक दुरुस्ती करत नाहीत, आणि केलीच तर ती उत्तरात मिसळून टाकतात. तुम्ही लिहिता, ‘इश हाबे नाख हाउझे गेगांगन’ (मी घरी गेले). त्या उत्तर देतात, ‘आख, डू बिस्ट शोन नाख हाउझे गेगांगन!’ (अरे, तू घरी गेलीससुद्धा!) ही दुरुस्ती होती. जाणे-येणे या क्रियापदांना भूतकाळात हाबन चालत नाही, झाइन लागतं, आणि ‘बिस्ट’ हे झाइनचंच रूप. समोरासमोरच्या बोलण्यात हे कानावरून निघून जातं. चॅटमध्ये दोन्ही वाक्यं एकाखाली एक दिसत असतात, ही लेखी गप्पांची मोठी सोय आहे. तिचा फायदा घ्या : आपल्या वाक्याच्या उत्तरात आपलेच शब्द थोडे बदलून आले की थांबायचं आणि दोन्ही ओळी ताडून पाहायच्या. शिवाय बाईंना स्पष्ट सांगा की सगळ्या चुका काढू नका. प्रत्येक मेसेज लाल होऊन आला तर लिहिणारा आखडतो आणि पुन्हा गूट-श्योनवर येतो. शेवटच्या पाच मिनिटांत माझी कुठलीही तीन वाक्यं घ्या आणि तुम्ही कशी लिहिली असती तशी लिहून द्या, एवढंच मागा. व्याकरणाचं स्पष्टीकरण मागू नका. शिक्षिका असल्या तरी स्वतःच्या भाषेचा नियम सांगताना मूळ भाषक बरेचदा अडखळतात, ते काम क्लासच्या मॅडमचं.

चॅट संपल्यावरची वीस मिनिटं सगळ्यात मोलाची, आणि बहुधा तुम्ही ती कधी दिलीच नाहीत. वाचवलेला वेळ इथे घाला. त्याच रात्री, जमलं नाही तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. विसरण्याचा वेग सुरुवातीला सगळ्यात जास्त असतो, हे मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५मध्येच दाखवून दिलं आहे, म्हणून रविवारी एकदम बसू म्हणणं परवडत नाही. चॅट वरपासून वाचा आणि फक्त सहा शब्द निवडा. तीस नाही, सहा. निवडताना एकच कसोटी लावा : हा शब्द मला येत्या दहा दिवसांत माझ्या वाक्यात लागेल का? फुलांची नावं, राजकारणातले शब्द, गमतीदार म्हणी सोडून द्या.

प्रत्येक शब्दाची नोंद पूर्ण वाक्यात करा. नाम असेल तर त्याचं लिंग दाखवणारं देर, दी किंवा दास आणि अनेकवचन सोबतच : देर फेरबांट (जखमेवरची पट्टी), दी फेरबेंडे. मराठीलाही तीन लिंगं आहेत, म्हणून आपल्याला हे सोपं जाईल असं वाटतं, पण मराठीचं लिंग जर्मनला लावायला गेलात तर फसाल. पुस्तक दोन्हीकडे नपुंसकलिंगी आहे, खुर्ची मात्र तिकडे पुल्लिंगी. तीन लिंगांची सवय आपल्याला आहे एवढाच फायदा, बाकी प्रत्येक नाम त्याच्या लिंगासकट पाठ करायचं. नामाबरोबर कुठलं क्रियापद चालतं तेही टिपा. ब्लूटड्रुक मेसन (रक्तदाब मोजणं), देन फेरबांट वेक्सेल्न (पट्टी बदलणं), आइने श्प्रित्से गेबन (इंजेक्शन देणं) अशा जोड्याच लक्षात ठेवायच्या. सुटं ‘श्प्रित्से’ पाठ केलं तर पेपरात त्याच्यापुढे माखन लावून मोकळ्या व्हाल.

मग अंकीसारख्या कार्डांच्या अॅपमध्ये, किंवा साध्या कागदी कार्डांवर, एका बाजूला मराठीत प्रसंग आणि जर्मन वाक्य रिकाम्या जागेसह, दुसऱ्या बाजूला पूर्ण वाक्य. पुढे : ‘रुग्णाला सांगा की तुम्ही आता रक्त घेणार आहात. इश ... ईनेन येत्स्ट ब्लूट ...’ मागे पूर्ण वाक्य. उत्तर मनात म्हणून चालणार नाही, लिहायचं किंवा मोठ्याने म्हणायचं, मग कार्ड उलटायचं. कागदी कार्डं असतील तर दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी, दहाव्या दिवशी आणि महिन्याने, अशी पुन्हा काढा. चुकलेलं कार्ड पहिल्या दिवसावर. आठवड्याला तीन चॅट, म्हणजे अठरा शब्द. वहीच्या मानाने हे थोडे वाटतील, पण वहीतले किती आठवतात ते तुम्हीच लिहिलं आहे. तुमच्या मॅडम पाठांतराचा आग्रह धरतात त्यात तथ्य आहे, फक्त पाठ करायचं ते छापील यादीतून न घेता स्वतःच्या संभाषणातून घ्या.

आणि पुढच्या चॅटमध्ये मागच्या सहांपैकी तीन शब्द वेगळ्या विषयात वापरून पाहा. आइनश्प्रिंगन ड्युटीच्या गप्पांत आलं असेल तर आता शेजारणीच्या लग्नात आचारी आला नाही तेव्हा कोण धावून आलं, ते सांगताना आणा. शब्द वेगळ्या वाक्यात चालतो की नाही हे इथे कळतं. चुकीचा बसला तर बाई तसं सांगतील, आणि ती माहिती शब्दकोशात मिळत नाही. शक्य असेल तर महिन्यातून दोनदा दुसऱ्या कुणाशी, तरुण माणसाशी, याच विषयांवर चॅट करा, कारण एकाच माणसाची लकब अंगवळणी पडली की बाकीच्यांचं लिहिणं परकं वाटतं.

परीक्षेच्या दृष्टीने एक धोका नक्की आहे. ग्योटे इन्स्टिट्यूटची बी-टू देणार असाल तर लेखनाला ७५ मिनिटांत दोन कामं असतात : किमान १५० शब्दांत एखाद्या विषयावर मत, आणि किमान १०० शब्दांचा कामाच्या ठिकाणचा मेसेज, उदाहरणार्थ वरिष्ठांना. दुसऱ्यात ‘झी’, म्हणजे आदरार्थी ‘आपण’, लागतं. चॅट मात्र सगळं ‘डू’मध्ये, म्हणजे ‘तू’मध्ये. त्यामुळे वरिष्ठांना लिहितानाही हात ‘डिश’ (तुला) आणि ‘डाइन’ (तुझं) यांच्याकडे जातो, आणि पुढे वॉर्डात अनोळखी रुग्णाला अरेतुरे केलं जाईल. उपाय सोपा आहे : आठवड्यातलं एक चॅट पूर्ण ‘झी’मध्ये करा, बाई रुग्ण आणि तुम्ही परिचारिका, किंवा बाई मुख्य परिचारिका आणि तुम्ही सुट्टी मागताय असं ठरवून. चॅटमध्ये अनेक जर्मन लोक नामाचं पहिलं अक्षर मोठं करत नाहीत, उमलाउटऐवजी पुढे ई लावतात, फिलाइश्ट (कदाचित) या शब्दाचं तीन अक्षरी रूप लिहितात, शेवटी लीबे ग्र्यूसे (सप्रेम नमस्कार) याची दोनच अक्षरं ठेवतात. ते वाचता आलं पाहिजे, पण कार्डावर उतरवताना पूर्ण आणि शुद्ध रूपच लिहा. बेकोमनऐवजी क्रीगन दिसेल, तेही बोलण्यातलं आहे, अर्जात नको. आणि इंग्रजीसारखे दिसणारे शब्द हमखास तपासा. बेकोमन म्हणजे मिळणं, ‘होणं’ नव्हे. एवेंटुएल म्हणजे कदाचित. औषधाच्या सूचनेत ‘एवेंटुएल’ असेल आणि तुम्ही ‘शेवटी द्यायचंच’ असा अर्थ घेतलात तर ती निव्वळ भाषेची चूक राहत नाही.

लिहिण्यातून उच्चार येत नाही, त्यासाठी प्रत्येक चॅटच्या शेवटी अर्ध्या मिनिटाचा आवाजी मेसेज पाठवा, त्या दिवशीच्या तीन वाक्यांचा, न वाचता. त्यांच्याकडूनही तीच वाक्यं आवाजात मागून घ्या आणि पाठोपाठ म्हणा.

बाई नसतील त्या दिवशी एआयच्या चॅटबॉटशी लिहायला हरकत नाही, झीमधले प्रसंग घोटायला तो बरा आहे. पण तो तुमचं कितीही मोडकं वाक्य समजून घेतो आणि सहसा गोंधळत नाही, त्यामुळे कुठे अर्थ पोचत नाही हे त्याच्याकडून कळणार नाही. दुरुस्त्या करायच्या असं त्याला सुरुवातीलाच बजावून ठेवा.

कामाच्या गप्पा मारताना रुग्णाचं नाव, फोटो, रिपोर्ट, खाट क्रमांक यातलं काही चॅटमध्ये जाऊ देऊ नका, भाषा शिकण्यासाठीसुद्धा नाही. प्रसंग बदलून, वय बदलून सांगा. आणि या बाईंबद्दल शंका घेण्याचं कारण नसलं, तरी अशा अॅपवर कुणीही व्हिसा, नोकरी किंवा पैशांची भाषा काढली, पासपोर्टचा फोटो मागितला, तर संभाषण तिथेच थांबवा.

त्यांची बाजूही सांभाळा. चॅट चाळीस मिनिटांचं ठेवा : वीस जर्मनला आणि वीस इंग्रजीला, घड्याळ लावून, आणि त्यांच्या वीस मिनिटांत त्यांचीही तीन वाक्यं तितक्याच काळजीने लिहून द्या. भाषा अदलाबदलीच्या जोड्या अनेकदा मोडतात त्या एकाच्याच भाषेत सगळा वेळ गेल्यामुळे. वेळ ठरवताना लक्षात ठेवा की आपली रात्रीची साडेनऊची वेळ उन्हाळ्यात त्यांची संध्याकाळची सहाची असते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं एक तास मागे जातात आणि अंतर साडेतीनवरून साडेचार तासांचं होतं, तेव्हा त्या आठवड्यात वेळ पुन्हा विचारून घ्या.